जळक्या बाहीचा सदरा

खंदकाच्या तोंडाशी पोचताच बुनचा गुडघा दुखायला लागला. त्याच्या बहिणीला, पांगआत्याला, ते वाटलंच होतं.

"तुम्ही या जाऊन," छातीवरचं पदक सावरत तो बाकड्यावर बसला. "मला त्या पायऱ्या झेपायच्या नाहीत."

"काल छपरावर चढला होतास की! गवंड्याला शिव्या घालायला. तेव्हा गुडघा घरी ठेवून गेला होतास का?"

बुनच्या सुनेने, न्युंगने, तोंड फिरवून हसू दाबलं. बुनचा मुलगा थोआन फाटकाला कुलूप लावून परत येत होता. अठरा वर्षं तो इथे, जुन्या लढाईच्या या संग्रहालयात, नोकरीला होता. लोकांना खंदक दाखवायचा, फिरंगी सेनापती कुठे बसायचा ते सांगायचा. जेवणाच्या सुट्टीत दोन तास सगळं बंद असतं. साहेब घरी जाऊन झोपतात. तेवढ्या वेळात घरच्यांना आत न्यायचं त्याने कबूल केलं होतं, आणि तेही आत्याने आठ दिवस डोकं खाल्ल्यावर.

"अक्का, चारचौघांत नको," बुन म्हणाला.

"कुठायत चारचौघं? तू, मी, तुझा मुलगा, तुझी सून. आणि खाली एकजण. पंचावन्न वर्षं वाट बघतोय बिचारा."

बुनने मान फिरवली. थोरल्या भावाचा, पोमचा, विषय निघाला की तो अशीच मान फिरवायचा, आणि ती अशी फिरवलेली मान बघून पांगआत्याच्या अंगाची लाही व्हायची. आज तर सकाळपासून तिच्या घशाखाली घासभर भातही उतरला नव्हता.

उद्या थोआनच्या नव्या घरात चूल पेटणार होती. मंत्र म्हणणारा म्हातारा मो येणार होता. आतल्या कोपऱ्यात पितरांची जागा बांधली जाणार होती आणि तोंग घराण्याच्या पितरांना एकेकाच्या नावाने हाक घातली जाणार होती. उद्या ज्यांचं नाव घेतलं जाईल त्यांना यापुढे दर दहाव्या दिवशी त्या कोपऱ्यात जेवण मिळेल. ज्याचं राहिलं त्याचं राहिलं. जुन्या घरात पोमचं नाव कधी घेतलं गेलं नाही. का, तर म्हणे तो बाहेर मेला, त्याचा आत्मा घरी आणलेला नाही, मग नाव कसं घ्यायचं? आणि आत्मा आणायला कुणी जायचं? घरच्या पुरुषाने. आणि घरचा पुरुष कोण? तर हा, गुडघेदुखीवाला.

पांगआत्या स्वतः हाक घालू शकत असती तर ती बुनच्या पाया कशाला पडली असती? पण ती लग्न होऊन लो घराण्यात गेलेली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, डोक्यावरचा सवाष्णीचा उंच अंबाडा मानेवर उतरला, तरी ती लो घराण्याचीच. तिने हाक घातली तर पोम तिच्या सासरच्या दाराशी येऊन उभा राहील, आणि तिथले पितर परक्याला आत घेत नाहीत. तिला बुनचं तोंड हवं होतं. बुन तिला फक्त तेवढ्यापुरता हवा होता.

"बाबा," न्युंग म्हणाली, "उठा. मी धरते तुम्हाला."

"तू यात पडू नकोस. तू खालच्या मुलखातली, तुला आमच्यातलं कळत नाही."

"नाहीच कळत. आमच्याकडे ज्या सैनिकांचं नाव-गावसुद्धा माहीत नाही त्यांच्या दगडापुढेही लोक उदबत्ती लावतात. तुमच्याकडे सख्ख्या भावाचं नाव माहीत असून घेत नाहीत. हे मला खरंच कळत नाही." तिने त्याच्या काखेत हात घातला. "उद्या ती चूल मी पेटवणार आहे. माझ्या घरात कोण उपाशी राहणार हे मला आधी कळू दे."

पांगआत्याने सुनेकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. पंधरा वर्षं ती या मुलीला 'ती खालची' म्हणत आली होती. बुन मुकाट्याने उठला.

आत ओल होती. डोक्यावर कमानीसारखा पत्रा, दोन्ही बाजूंना वाळूची पोती, मध्ये एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर नकाशा. थोआनने टॉर्च लावला आणि सवयीने त्याचं तोंड सुरू झालं. "ही अधिकाऱ्यांच्या बैठकीची खोली. इथून पूर्वेकडच्या टेकड्यांशी..."

"थोआन."

"हो आत्या. सवय लागलीय."

ती एका खांबापाशी गेली आणि तळवा लावून उभी राहिली. ज्या हिवाळ्यात आकाशातून छत्र्यांना लटकून शिपाई उतरले त्या हिवाळ्यात फिरंग्यांनी खोऱ्यातली घरं उकलून लाकूड या खंदकासाठी नेलं होतं. तोंगांचं घर चौदा खांबांचं होतं. आई खांबाला मिठी मारून बसली होती, तिला दोघांनी उचलून बाजूला ठेवलं आणि खांब उपटला. वर आणि घरटी एक माणूस खोदायला मागितला. पोम गेला. बावीस वर्षांचा होता. पुढे वसंतात डोंगरावरून तोफा सुरू झाल्या आणि याच दाराशी ओंडका कोसळून तो त्याखाली गाडला गेला. शेजारच्या खुतने डोळ्यांनी पाहिलं. खुत जगला, पोमचं हाडसुद्धा मिळालं नाही. आईही त्याच पावसाळ्यात तापाने गेली.

"यातला आपला खांब कुठला?" तिने विचारलं.

थोआन चुळबुळला. "जुनी लाकडं कुजली आत्या. हे सिमेंट आहे. लाकडासारखं रंगवलंय."

"रंगवलंय!" ती फणकारली. "आमचं घर त्यांनी नेलं, आणि तुम्ही त्याचं सिमेंट करून टाकलंत. तुम्हा लोकांना खरं काहीतरी जपता येतं का?"

तिने टोपली उघडली. तांदूळ, एक अंडं, उदबत्त्या, आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेला निळा सदरा. आईने विणलेलं, आईने नीळ लावलेलं कापड. तिने तो बांबूच्या काठीला बांधला आणि काठी बुनपुढे धरली.

"घे. त्याच्या सदऱ्यामागून तो येईल. तीनदा हलव, नाव घे आणि घरी चल म्हण. एवढंच."

बुनने काठी घेतली. उदबत्ती पेटली. त्याने घसा खाकरला, पक्षाच्या सभेत खाकरायचा तसाच.

"तोंग घराण्याचा थोरला मुलगा," तो पुटपुटला. "पो..."

थोआनने बापाला दिसावं म्हणून टॉर्च सदऱ्यावर धरला. डाव्या बाहीचा काठ काळा पडून गळाला होता, त्याला आतून ठिगळ होतं. बुनचा आवाज थांबला. मग त्याने काठी अशी फेकली की ती टेबलावर आपटून नकाशाखाली जाऊन पडली.

"बंद करा! विझवा ती उदबत्ती! न्युंग, विझव!"

"काय झालं बाबा?"

"हा माझा आहे! हा सदरा माझा आहे! माझ्या सदऱ्यावर मेलेल्याला हाक मारताय तुम्ही!" त्याच्या कपाळावर घाम सुटला होता. तो दोन्ही हातांनी स्वतःचे खांदे चाचपत होता. मेल्यासारखी हाक घातली तर जिवंत माणसाचा आत्माही आपल्या सदऱ्यामागून निघून मेलेल्यांत अडकतो, हे त्याला आजीने लहानपणी सांगितलं होतं आणि इतक्या वर्षांच्या पक्षाच्या सभा त्यापुढे कामी आल्या नव्हत्या.

पांगआत्याने खाली वाकून सदरा उचलला. "सभेत म्हणतोस ना आत्माबित्मा काही नसतो? मग घामाने भिजलास कशाला?"

"अक्का, खरं सांगतोय."

"खोटं बोलतोयस. हा पोमचा आहे. लढाई संपल्यावर, घर गेल्यापासून आपण राहत होतो त्या डोंगरपायथ्याच्या खोपटात, पेटीत मी स्वतः पाहिला आणि उचलला. तू तुझा घालून रानात पळालास, मागे राहिला तो पोमचा. दोनच तर होते. आईने एका ताग्यातून कापले होते."

"बाही बघ. मी शेकोटीशी झोपलो होतो, मी जाळली ती. आईने पाठीत केवढा धपाटा घातला होता! तू समोर बसून चिकट भात खात होतीस. आठव की!"

तिने आठवलं. मनापासून आठवायचं नव्हतं तरी आठवलं. जळक्या सुताचा वास आला, आईचा हात वर गेला, आणि रडणारं पोर पोम नव्हतंच. पोमला आई कधी मारत नसे. नाक पुसत रडत होता तो बुन होता. पंचावन्न वर्षं ती ती बाही गालाला लावून पोमची समजून रडत आली होती. तिच्या हातातला सदरा एकदम ओझ्याचा झाला.

"मग पोमचा कुठाय?"

बुन सेनापतीच्या खुर्चीत बसला. तिथे कुणी बसू नये अशी पाटी होती.

"बोल की रे! पोमचा कुठाय?"

"नाव माझं आलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "पाटलाच्या यादीत तोंग बुन होतं. पोम नव्हता. मी सतरा वर्षांचा, मला रात्रभर झोप नाही. पहाटे त्याने मला उठवलं. म्हणाला, तू डोंगरात जा, तिकडच्या सैनिकांना वाटा दाखव, तांदूळ वाहा. मी जातो खोदायला. त्यांना काय, डोकी मोजायची असतात. मग माझी बाही बघितली त्याने. म्हणाला, वर गारठा असतो, माझा घाल, तुझा फाटलाय. अंगातून काढून दिला. त्याने माझं नाव नेलं आणि मी त्याचा सदरा नेला."

थोआनच्या हातातला टॉर्च खाली गेला. त्याला सगळ्यांच्या आधी समजलं. वर फाटकाशेजारच्या खोलीत काचेच्या कपाटात एक निळा सदरा लटकत होता. लढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा बापाने तो समारंभाने दिला होता. फोटो छापून आला होता. रोज दहा वेळा तो त्या कपाटापुढे उभा राहून अभिमानाने सांगायचा, हे माझे वडील.

"बाबा," तो म्हणाला, "कपाटातला?"

बुनने मान हलवली.

पांगआत्या हसली, आणि ते हसू ऐकून न्युंग मागे सरकली. "म्हणजे तुझ्या जागी तो मेला, तुझं नाव घेऊन मेला, आणि त्याच्या अंगावरचा सदरा तू तुझ्या नावाने काचेत टांगलास! आणि पक्षाच्या त्या फॉर्मावर भावंडांच्या रकान्यात लिहिलंस, एक बहीण. शाळेच्या मास्तरने तो वाचून सांगितलंय मला. तीस वर्षं मला वाटायचं, फिरंग्यांकडे राबला म्हणून लाज वाटते याला. लाज कसली! तू तर तो जन्मलाच नाही असं केलंस!"

"काय लिहायचं होतं मी? भाऊ होता असं लिहिलं असतं तर कुठे होता विचारलं असतं. फिरंग्यांच्या यादीत तोंग बुन आहे, असं सांगायचं? कुणी मानलं असतं मग की मी डोंगरात होतो? मला पोरं होती अक्का!"

"त्यालाही झाली असती!"

हा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. थोआन रडत होता, चाळीस वर्षांचा बाप्या, गणवेशाच्या बाहीने नाक पुसत.

न्युंगने आधी घड्याळ बघितलं. "सुट्टी संपायला पाऊण तास आहे," ती म्हणाली. "वर चला."

वरच्या खोलीत तांदूळ वाहायची सायकल होती, कावडी होत्या, फाटकी टोपली होती आणि मध्ये ते कपाट. पांगआत्याने काचेला नाक लावलं. बाही धड होती. गळ्याशी आईने घातलेली गाठ होती, थोरल्यासाठी दुहेरी घालायची ती. कुणीतरी तिला हे आधी दाखवायला हवं होतं. पण दाखवणार कोण? तिनेच शपथ घेतली होती, या जागेत पाय ठेवणार नाही म्हणून.

"थोआन," बुन म्हणाला, "साहेबांना सांग, माझी वस्तू मला परत हवीय. कागद माझ्या नावावर आहे. माझं मी मागतोय म्हटलं तर देतील."

"अजून?" पांगआत्या गर्रकन वळली. "अजून तुझाच?"

"तसं म्हटलं तरच मिळेल! पोमचा म्हटलं तर चौकशी होईल, समिती बसेल, सहा महिने जातील. चूल उद्या पेटायची आहे."

"मग नका पेटवू उद्या."

"आत्या, मो म्हाताऱ्याने दिवस काढलाय," थोआन म्हणाला. "डुक्कर आणून बांधलंय."

"डुकराला काही घाई नाही. विचार त्याला."

थोआनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मग आत्याच्या हातातल्या सदऱ्याकडे. "एक करता येईल," तो हळूच म्हणाला. "कापड एकच आहे. शिवण एकच. हा आत ठेवायचा, तो घरी न्यायचा. कुणाला कळणार नाही. आणि बघा ना, पाटीवर बाबांचं नाव आहे, आणि हा सदरा बाबांचाच आहे. मग पाटीही खरी होते."

बुनच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "पोरगं शहाणं आहे माझं."

"वाच ती पाटी," पांगआत्या म्हणाली. तिला अक्षरं येत नव्हती.

थोआनने वाचलं. "तोंग वान बुन यांचा सदरा. मोहिमेत तांदूळ वाहताना त्यांनी हा अंगात घातला होता."

"कुठे वाहिला याने तांदूळ?" तिने जळकी बाही त्याच्या डोळ्यांपुढे नाचवली. "हा माझ्या उशाशी होता. याने फक्त माझं डोळ्यांतलं पाणी वाहिलंय. एक खोटं काढून दुसरं टांगताय, आणि वर शहाणपण! नाही. आधी ती पाटी खोड. तुझ्या हाताने, बुन. मग कपाट उघडा."

"अक्का, माझं पदक जाईल."

"जाऊ दे."

"थोआनची नोकरी जाईल."

तिने भाच्याकडे बघितलं. त्याला तिने मांडीवर खेळवलं होतं, त्याच्या पोरांना तिने बाळुत्यात गुंडाळलं होतं. थोआन मात्र बायकोकडे बघत होता.

न्युंगने पर्समधून पेन काढलं आणि सासऱ्यापुढे धरलं. "तुम्ही लिहा बाबा. नोकरीचं आम्ही बघू. उद्यापासून लोकांना तो काय सांगणार आहे? माझे वडील, असंच?"

"मला नाही येणार सांगता," थोआन म्हणाला आणि त्याने जुडग्यातली किल्ली काढली. दर आठवड्याला धूळ पुसायला तोच कपाट उघडायचा.

बुनने पाटी मांडीवर घेतली. त्याचं अक्षर पूर्वी चांगलं होतं, गावचे अर्ज तो लिहायचा. त्याने आपलं नाव खोडलं नाही. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात त्याने खाली ओळ लिहायला घेतली, आणि लिहून झाल्यावर न विचारता मोठ्याने वाचली. "हा सदरा डोंगरात गेला नाही. जो गेला तो माझा थोरला भाऊ तोंग वान पोम याने अंगातून काढून मला दिला. तो माझ्या जागी आणि माझ्या नावाने खाली खंदकात मेला. हे मी आजवर लिहिलं नाही. बुन."

पदक त्याने काढलं नाही. पांगआत्याच्या ते नजरेतून सुटलं नाही, पण त्या घडीला तिने तोंड आवरलं.

तिने जळक्या बाहीचा सदरा स्वतःच्या हाताने कपाटात टांगला. पोमचा बाहेर आला तेव्हा त्याला कापूर आणि काच यांचाच वास होता. तिने तरी तो हुंगला.

खाली बुन या वेळी स्वतःच उतरला, भिंतीला हात टेकत. काठी त्याने छातीशी धरली. दाराशी, खुतने सांगितलं होतं त्या जागी, तो उभा राहिला आणि त्याने सदरा तीनदा हलवला.

"पोम," तो म्हणाला. खाकरला नाही. "दादा. तोंग घराण्याच्या थोरल्या. बुन आलोय. ते माझं नाव इथेच टाक आणि तुझ्या नावाने ये. उद्या चूल पेटतेय. भात आहे, मासा भाजायचाय, तुला आवडतो तसा चुलीवर. चल. मी आधी यायला हवं होतं. चल घरी."

न्युंगने अंडं आणि तांदूळ सदऱ्यात बांधले आणि ते गाठोडं पांगआत्याच्या टोपलीत ठेवलं. थोआन धावत जाऊन फाटक उघडायच्या तयारीला लागला. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता.

पायऱ्यांवर बुन बहिणीला गाठून थांबला. त्याला धाप लागली होती. "अक्का, झालं ना आता मनासारखं? बोलशील ना माझ्याशी?"

"बोलेन," पांगआत्या म्हणाली. "उद्या तुझ्या हातचा दारूचा घोटही घेईन. पण एक सांगून ठेवते बुन. तू मरशील तेव्हा मी रडणार नाही. लोक नावं ठेवतील, ठेवू दे. पंचावन्न वर्षं मी तुझ्याच सदऱ्यावर रडत होते. तुझ्या वाटणीचं रडणं माझं रडून झालंय. आता राहिलंय ते पोमचं."

तिने टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि ती पायऱ्या चढायला लागली, आतल्याला धक्का लागू नये म्हणून एकेक पायरी थांबून.